हाकेने काठी हलू नये

आजच्या समारंभाचे अध्यक्षस्थान भूषवणाऱ्या प्राचार्य महोदया, संस्थेचे माननीय कार्याध्यक्ष व विश्वस्त, मंचावर आणि मंचाखाली बसलेले माझे आजी-माजी सहकारी, मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतून कामाचा खोळंबा करून आलेले पालक, खुर्च्या रिकाम्या असतानाही दाराजवळ उभे राहण्याची दूरदृष्टी दाखवणारे विद्यार्थी, आणि ज्यांच्या निरोपासाठी हा सारा घाट घातला आहे त्या संगणकशास्त्र विभागाच्या प्रमुख गिरजा मॅडम,

आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला बोलायला सांगताना आयोजकांनी दोन सूचना केल्या. पहिली, भाषण थोडक्यात असावे. ती मी पाळीन, असे मी म्हटलेले नाही. ऐकली, एवढेच म्हटले आहे. दुसरी सूचना अशी की, "त्या प्रकरणाचा" उल्लेख टाळावा. मी विनयाने विचारले, कोणत्या? त्यावर सांगणाऱ्या प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे पाहिले, प्राचार्यांनी छताकडे पाहिले, आणि सूचना तिथेच थांबली. यात त्यांचा दोष नाही. जे प्रकरण उच्चारायचे नाही ते कोणते हे सांगायला ते उच्चारावे लागते. मी सारी हयात तर्कशास्त्र शिकवले. टाळायचे काय हेच ज्याला कळवलेले नाही, त्याने ते टाळले नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही, एवढे तरी माझ्या विषयाने मला शिकवले आहे. तेव्हा मी अंदाजाने बोलतो. चुकून तेच प्रकरण निघाले, तर तो योगायोग समजावा.

प्रथम मॅडमचा आणि माझा संबंध स्पष्ट करतो. सेवानिवृत्तीनंतर मी या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर येत राहिलो, कारण संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तर्कशास्त्राची चार प्रकरणे आहेत आणि ती शिकवायला दुसरे कोणी उत्सुक नव्हते. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची मॅडमच्या समोर आली. दोन माणसे रोज समोरासमोर बसली की एक तर त्यांचा स्नेह होतो किंवा वाद. आमचा वाद झाला, आणि तो इतका टिकला की स्नेहाला वेगळी जागा उरली नाही. वादाचा विषय होता इटरेटर आणि जनरेटर.

कार्याध्यक्ष महोदय सावरून बसले. त्यांची आठवण मी ओळखतो. विभागाच्या बैठकीत "जनरेटर" हा शब्द ऐकून त्यांनी विचारले होते की, मागच्याच वर्षी डिझेलचा घेतला ना, मग आता कोणता हवा? साहेब, हा त्यातला नव्हे. याला डिझेल लागत नाही. मात्र हाही ऐन वेळी बंद पडतो, तो कसा हेच मला सांगायचे आहे.

सभागृहात संगणक न शिकलेले पुष्कळ जण आहेत, म्हणून विषय नीट मांडतो. एका मागून एक अशा पुष्कळ वस्तू आहेत आणि त्या एकेक करून हव्या आहेत. सगळ्या आधीच काढून ढीग रचला, तर तो झाला साठा. साठा न रचता, "पुढचा दे" म्हटले की पुढचा देणारा, आणि संपले की संपले म्हणून सांगणारा जो कोणी, तो इटरेटर. तो स्वतः लिहायचा, तर आपण कुठवर आलो याची खूण आपणच ठेवायची आणि आपणच पुढे सरकवायची. जनरेटर म्हणजे भाकरी थापणारी बाई. एक मागितली, एक थापून तव्यावर टाकली, आणि पुढची मागेपर्यंत तिचा हात पिठातच थांबला. कुठवर आलो ते लिहून ठेवावे लागत नाही. थांबलेल्या हातालाच ते ठाऊक असते. काम कमी, ओळी कमी.

माझे म्हणणे असे, की खूण स्वतः ठेवणारा माणूस विश्वासार्ह. मॅडमचे म्हणणे असे, की सर, तुम्ही एका वाक्याच्या कामाला एक पान लिहिता, आणि त्याला शिस्त म्हणता. मी म्हणे, प्रत्येक जनरेटर हा इटरेटर असतो, पण प्रत्येक इटरेटर जनरेटर नसतो. तेव्हा व्यापक कोण आणि आश्रित कोण, हे उघड आहे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "प्रत्येक प्राध्यापक माणूस असतो सर, म्हणून माणूस काय जास्त शिकवतो का?" या प्रतिपादनात तीन दोष आहेत. ते मी त्यांना लेखी कळवले होते. उत्तर अद्याप आलेले नाही.

असो. आता योगायोगाकडे वळतो.

तीन-चार वर्षांपूर्वी मॅडमच्या हाताखाली तिसऱ्या वर्षाला रेश्मा मेंगाळ नावाची विद्यार्थिनी होती. सिद्धगडाच्या पायथ्याला तिची वाडी. वाडीचे नाव मी घेत नाही. तिथली माणसे आज सभागृहात आहेत आणि त्यांच्या हातात काठ्या आहेत. विद्यार्थ्यांनी प्रकल्प करायचा तो खऱ्या माणसांच्या खऱ्या कामाचा, आणि बाह्य परीक्षकांसमोर तो वापरणाऱ्यांनीच वापरून दाखवायचा, हा नियम मॅडमनी हट्टाने लावून घेतला होता. रेश्माने वाडीतल्या गुरांच्या पाळीचा प्रकल्प घेतला.

त्या वाडीत गुराखी नाही. भात उभे असते त्या दिवसांत सगळ्यांची गुरे एकत्र रानात नेतात आणि घरोघरी पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या ओटीवर एक काठी टेकलेली. संध्याकाळी गुरे परतली की त्याने ती काठी उचलून पुढच्या घराच्या ओटीवर नेऊन टेकवायची. सुंदर व्यवस्था आहे. एकच दोष, की काठीला पाय फुटत. भाताच्या आवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत सकाळी पाहावे तर काठी आपल्या ओटीवरून शेजारच्या ओटीवर गेलेली, आणि नेली कोणी, तर कुत्र्याने. त्या वाडीतल्या कुत्र्यांना पाळीचा क्रम माणसांपेक्षा पक्का पाठ असावा. शिवाय कुठे सुतक, कुठे आजारपण. ती घरे वगळायची, यावरून पुन्हा भांडण. रेश्मा म्हणाली, काठीऐवजी मोबाईल सांगेल. मोबाईलला कुत्रा उचलणार नाही.

तिने घरांच्या क्रमाचा एक जनरेटर लिहिला. सुतकाची घरे आपोआप वगळून तो एकेक नाव देई. कोणी शिकवला होता, हे सांगायला नको. पडद्यावर "पुढची पाळी" असे बटण होते. मॅडमनी पाहिले, पसंत केले, आणि माझ्याकडे पाहून हसल्या. ते हसणे मी टिपून ठेवले होते.

घटस्थापनेच्या सुमारास एका संध्याकाळी वाडी जमली. आणि इथे वाडीची एक रीत आडवी आली. कोणतेही सामाईक काम सुरू करण्यापूर्वी तिथे "हाक" घेतात. सकुबाई नावाच्या वयोवृद्ध बाई आहेत. त्या एकेका घराचे नाव पुकारतात आणि घरातले माणूस ओ देते. हेतू असा, की आमचे घर राहून गेले, असे नंतर कोणी म्हणू नये. सकुबाईंनी मोबाईलकडे संशयाने पाहिले आणि रेश्माला बजावले की, तुझ्या डबीत सगळी घरं हायत का, ते आधी आमाला ऐकू दे. रेश्माने या रीतीची सोय करून ठेवली होती, "हाक" नावाचे दुसरे बटण. तिने ते दाबले. नावे येत गेली, माणसे ओ देत गेली, एकही घर सुटले नाही. सकुबाई संतुष्ट झाल्या. मग रेश्माने "पुढची पाळी" दाबले.

पडद्यावर अक्षरे आली: पाळी संपली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला आहे. तो बाकीच्यांपर्यंत पोहोचवतो. दोन बटणे, पण पाठीमागे जनरेटर एकच. हाक घेताना सगळी नावे त्याच्याकडून मागून झाली. भाकऱ्या मोजायच्या म्हणून एकेक थापून घेतली, आणि मोजणी पूर्ण झाली तेव्हा पीठ संपले होते. जनरेटर मागे वळत नाही. संपला की संपला. आणि संपल्यावर प्रोग्राम कोसळू नये म्हणून रेश्माने शिस्तीने, अदबीने तसा संदेश लिहून ठेवला होता.

रेश्माला शंका आली. पण तोवर वाडी उठली होती. सुट्टी जाहीर झालेल्या वर्गाला पुन्हा बाकावर बसवणे किती अवघड असते, हे या सभागृहातील अध्यापकांना मी सांगावे असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घराने आपापली गुरे सोडली. कोणाचीच पाळी नाही म्हणजे गुरे बांधून ठेवायची, हे कोणाला सुचले नाही, कारण पाळी नसलेला दिवस त्या वाडीने कधी पाहिलाच नव्हता. गुरांना प्रोग्राम कळत नाही, पण वाट पाठ असते. ती रोजच्या वाटेने निघाली, आणि मागे कोणी नाही हे ध्यानात येताच वाडीतल्याच बुधूंच्या शेतात वळली. बुधूंचे हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात कापणीला आले होते. पुढचे वर्णन करत नाही. बुधू पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि त्यांचा चेहरा ते मजपेक्षा चांगले करतो आहे.

बुधूंनी त्या दिवशी वाडीभर एकच वाक्य ऐकवले, की फोनानं गुरं राखली, आता फोनालाच कोंडवाड्यात घाला. वाडीने ठरवून टाकले, मोबाईल नको, काठी परत आणा. हे म्हणणे स्वाभाविक होते, पण त्याचा परिणाम रेश्मावर होता. वापरणाऱ्यांनीच प्रकल्प टाकला तर परीक्षकांना दाखवायचे काय? परीक्षा तोंडावर आलेली. प्रकल्प गेला की वर्ष गेले, आणि रेश्माचे वडील धाऊ यांनी तिला आधीच सांगून ठेवले होते, "वरीस गेलं तं पुढचं नाय गो. मग घरी बस." ते कठोर माणूस नाहीत. पण घरात दुसरी दोन भावंडे शिकणारी होती, आणि एकच वर्ष दोनदा पेलण्याइतकी त्या घरात जागा नव्हती.

रेश्माने मॅडमना सांगितले. मॅडमनी ते स्टाफरूममध्ये सांगितले. मी त्या वेळी काय म्हणालो असेन, याची कल्पना आपण करू शकता. मी म्हणालो, इटरेटर लिहिला असता तर ही वेळ आली नसती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, आली असती. एकच इटरेटर दोघांना दिला असता, तरी हाकेने तो संपलाच असता." आम्ही वाडीकडे जायला धसईच्या एसटीत बसलो तेव्हा मी त्यांचे म्हणणे खोडणारे उदाहरण कागदावर रचायला घेतले. धसई आली, उदाहरण आले नाही. त्या बरोबर होत्या. दोष जनरेटरचा नव्हता आणि इटरेटरचाही नव्हता. एकच चालता माणूस दोन कामांना पाठवला, हा तो दोष होता. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.  

मी का गेलो होतो? धाऊंनी निरोप पाठवला होता की, तर्काच्या काळू मास्तरांना आणा. कारण वाडीत आणखी एक रीत आहे. ज्याच्या चुकीने गुरे मोकाट सुटली किंवा चरायची राहिली, त्याने दंडाची पाळी करायची. म्हणजे आपल्या पाळीखेरीज एक दिवस जादा गुरे राखायची. आता चूक कोणाची? सकुबाईंनी हाक मागितली, रेश्माने प्रोग्राम लिहिला, मॅडमनी शिकवले. वाडीला निवाडा हवा होता, आणि निवाडा करणारा माणूस असा हवा होता की ज्याची गुरेढोरे तिथे नाहीत. त्या कसोटीला मी पूर्ण उतरत होतो.

पिंपळाखाली सगळे बसले. मॅडमनी प्रथम सकुबाईंना विचारले की, आई, काठी होती तेव्हा हाक कशी घेत होता? काठी घरोघर फिरवत होता का? सकुबाई अशा हसल्या, जणू कोणी भात जमिनीवर उगवते का झाडावर असे विचारले. काठी कशाला फिरवायची, त्या म्हणाल्या. काठी जिथं हाय तिथं, हाक तोंडानं. मॅडमनी रेश्माकडे फक्त पाहिले. रेश्माने मान खाली घातली आणि मोबाईल उघडून तिथेच काहीतरी लिहू लागली. त्या पाहण्यात एक पूर्ण व्याख्यान होते. मी चाळीस वर्षे व्याख्याने दिली. असे एकही दिलेले नाही.

मग मी निवाड्याला बसलो. सकुबाईंनी रीतीप्रमाणे केले. रीत प्रोग्रामच्या आधीची होती, तेव्हा प्रोग्रामने रीत ओळखायची, रीतीने प्रोग्राम नव्हे. सकुबाई निर्दोष. रेश्माने शिकवल्याप्रमाणे केले. जनरेटर सुरुवातीला एकदा बनवून ठेवला की पुरे, हे तिला वर्गात सांगितले गेले होते, आणि हे तिने नम्रपणे, नाव न घेता मान्य केले. विद्यार्थी शिकवल्याबाहेर गेला नाही तर तो दोष शिकवणाऱ्याचा. हे मी विधाने, आधार, संभाव्य आक्षेप आणि त्यांचे खंडन या क्रमाने मांडले. प्रत्येक आक्षेपाला वेळ दिला. बुधूंनी मध्ये दोनदा विचारले की, मास्तर, निकाल आज लागंल ना? शेवटी निष्कर्ष काढला की दंडाची पाळी गिरजा मॅडमची.

वाडीत कुजबुज सुरू झाली. विभागप्रमुख, साठीकडे झुकलेल्या, पायात चामड्याच्या चपला. आणि गुरे राखणार? धाऊ हात जोडून म्हणाले की, नको, नको, पोरीची चूक, आमी करू. पण मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या काय म्हणाल्या ते मी शब्दशः सांगतो, कारण त्या दिवसातले सगळ्यात चलाख वाक्य माझे नव्हते.

"मान्य आहे. पण काठीवर मी जाणार नाही. पाळी मोबाईलने सांगितली तरच जाईन. परीक्षक येतील त्या दिवशी, त्यांच्यासमोर, हाक घेऊन."

मित्रहो, यातला डाव आपल्या ध्यानात आला का? वाडीने मोबाईल टाकला होता. आता वाडीला मॅडम गुरांमागे धावताना पाहायच्या होत्या, आणि त्यासाठी मोबाईल वापरणे भाग होते. सगळ्यांत आधी बुधू म्हणाले, "आनू द्या फोन. हे तं बघायलाच पायजे."

मी दिलेला दंड त्यांनी प्रकल्प वाचवायला वापरला. मी निष्कर्षावर पोहोचलो होतो. मॅडम त्या निष्कर्षाच्या पुढे जाऊन माझी वाट पाहत बसल्या होत्या.

परीक्षक ठाण्याहून आले. इस्त्रीचे कपडे, टोकदार बूट. पिंपळाखाली खुर्ची दिली, तर बसण्याआधी त्यांनी ती रुमालाने पुसली. वाडी झाडून जमली होती. धाऊ तेवढे मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. रेश्माने हाकेचे बटण दाबले. नावे आली, ओ दिली गेली. सकुबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा हाक मागितली. पुन्हा सगळी नावे आली. बुधू म्हणाले, अजून एकदा. पुन्हा आली. परीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि विचारले की, हे किती वेळा चालणार आहे? बुधू म्हणाले, "भात माझं गेलंय साहेब, तुमचं नाय."

मग "पुढची पाळी". एरवी बारा तोंडांनी बोलणारी ती वाडी पडद्याकडे सरकली.

पडद्यावर आले: गिरजा मॅडम.

मी अनेक पदवीदान समारंभ पाहिले आहेत. नाव पुकारल्यावर एवढा आनंद कोठेही झालेला मी पाहिला नाही. पण परीक्षक हसले नाहीत. त्यांनी रेश्माला मोबाईल पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. हा प्रश्न खरोखर चांगला होता, आणि मी त्यांच्याविषयीचे मत त्या क्षणी बदलले. कारण जनरेटरचा थांबलेला हात चालू प्रोग्रामातच जिवंत असतो. प्रोग्राम बंद झाला की तो हातही गेला. पुन्हा सुरू केला की पहिल्या घरापासून. पहिले घर सकुबाईंचे. आणि वाडीत वीज जाणे, मोबाईल बंद पडणे ही रोजची गोष्ट.

रेश्माने मोबाईल बंद केला. तो पुन्हा चालू व्हायला जो वेळ लागला, तेवढ्यात धाऊंनी भिंतीवरून पाठ काढली.

नाव तेच आले. गिरजा मॅडम.

परीक्षकांनी विचारले, हे कसे? आणि इटरेटर व जनरेटर यांत फरक काय ते सांग. रेश्मा पुस्तकी उत्तर देऊ लागली, अडखळली, आणि मग वाडीच्या भाषेत बोलली. "सर, हाकेला मी दर वेळी नवा जनरेटर मागते. तो बोलून संपला तरी चालतं, उद्या दुसरा मिळतो. पाळी तशी संपून चालायची नाय. तिच्यासाठी मी इटरेटर स्वतः लिहिला, आणि कुठं पोचलो ते मोबाईलमदी साठवलं. तो काठीसारखा. हाकेनं काठी हलू नये सर."

 पाळीला इटरेटर, हाकेला जनरेटर. माझ्या आणि मॅडमच्या वादाचा हा निकाल बरोबरीचा आहे, असे मी मानतो. मॅडम मानतात की गुरांमागे उन्हात जायचे काम इटरेटरकडे आले, आणि सावलीत बसून नावे घ्यायचे जनरेटरकडे, यावरून शहाणे कोण ते ठरते.

दुसऱ्या दिवशी मॅडम गुरे घेऊन रानात गेल्या. परीक्षकांना मार्गदर्शकांशी बोलल्याशिवाय गुण देता येत नव्हते, आणि मार्गदर्शक टेकडीवर. तेव्हा ते आदल्या दिवशीचे टोकदार बूट घालून गुरांच्या मागे चढले. वरती काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की एका खोंडाने त्यांचा रुमाल खाल्ला, आणि खाली आल्यावर त्यांनी धाऊंना स्वतःहून हात जोडले. धाऊंनी रेश्माला सांगितले, "चल गो, जेवण वाढ साहेबाला. शिकलेल्या पोरीनं वाढलं की जेवण जास्त जातं म्हनतात." धाऊंच्या तोंडून "शिकलेली" हा शब्द वाडीने पहिल्यांदा ऐकला. रेश्मा उत्तीर्ण झाली. ती आज नोकरीत आहे, आणि रजा टाकून आली असूनही दाराजवळच उभी आहे. जुनी सवय.

आता समारोप. निरोपाच्या भाषणात उत्सवमूर्तीला उपमा देण्याची प्रथा आहे. थांबलेली आहे, संपलेली नाही, असे काहीतरी जनरेटरवरून सहज म्हणता आले असते. मी ते म्हणत नाही. वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. दंडाची पाळी एकदाच करायची असते, पण मॅडमचे नाव त्या क्रमातून कोणी काढले नाही. रेश्माने काढले नाही, वाडीने काढू दिले नाही, आणि मॅडमनी काढा म्हटले नाही. प्रत्येक पावसाळ्यात, फेरी फिरत त्यांच्यापाशी आली की त्या रविवार गाठून किंवा पाळी अदलाबदल करून जात राहिल्या. ज्या प्रकरणाचा उल्लेख टाळायचा होता, त्याची लाज फक्त आपल्या कार्यालयाला होती. मॅडमना तासांची अडचण होती ती आजपासून संपली. शेतात भात गुडघ्याएवढे झाले आहे, आणि त्यांची पाळी उद्या आहे.

आज सकाळी रेश्माने मला हे मोबाईलवर दाखवले, तेव्हा मॅडमच्या नावानंतरचे नाव मी प्रथमच वाचले. तिथे लिहिले आहे: काळू मास्तर.

मी तात्काळ हरकत घेतली. माझे त्या वाडीत घर नाही, गुरे नाहीत, आणि चूक तर मुळीच नाही. मॅडम मंचावर येण्यापूर्वी तिथे बाहेर उभ्या होत्या. त्यांनी साडीचा पदर सावरत, माझ्याच पद्धतीने उत्तर दिले. "सर, ज्याच्यामुळे गुरे चरायची राहिली, त्याला दंडाची पाळी. निवाड्याच्या दिवशी तुम्ही आक्षेप आणि खंडन करत दुपार केलीत. तोवर सगळी गुरे दावणीला उपाशी होती."

मी हा युक्तिवाद दोन्ही टोकांनी तपासला. आधारविधाने सत्य आहेत, रचना निर्दोष आहे. गेला तासभर, इतर वक्ते बोलत असताना, मी त्यात दोष शोधत होतो. सापडलेला नाही. तेव्हा परवा सकाळी मी तिथे असेन. ज्यांना माझ्याशी वाद घालायचा असेल त्यांनी टेकडीवर यावे.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदया, आयोजक आणि संस्था यांचा मी ऋणी आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, विशेषतः बुधूंनी. बोलण्याच्या ओघात कोणाचा मानमरातब राहिला असेल, काही जास्त बोलले गेले असेल, तर मोठ्या मनाने क्षमा असावी. मात्र क्षमा शक्य नसेल आणि दंडच द्यायचा असेल, तर कृपया पुढच्या फेरीत द्यावा. या फेरीत माझी पाळी लागलेली आहे.

धन्यवाद.